मुका र

कागदाची बारीक पट्टी ओठांपुढं धरायची आणि 'पेन' म्हणायचं. पट्टी थरथरली तर 'प' इंग्रजी. नाही थरथरली तर आपला.

"हलंना बाई," चन्नम्मा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हवा सोड की जरा. दिवा विझवतेस तशी."

"मंग 'फेन' होतंय."

"हिला बशीतला चहा फुंकायला सांगा बाई," रुकय्या म्हणाली. "आपोआप येतंय. घरी तेवढंच तर करती."

"तू आधी 'स्कूल' म्हण," चन्नम्मानं उलटून टोला दिला.

"इस्कूल."

"घ्या. इस्कूल, इस्टेशन, इस्टूल. सगळ्याच्या पुढं हिचा इ हजर. चपराशी जसा."

दोघी खिदळल्या. माझं बाळ, तीन वर्षांची मुलगी, मांडीवरून उतरून टाळ्या पिटू लागलं. तिचं खरं नाव पाळण्यात ठेवलं तेवढंच, हाक 'बाळ'चीच. मीही हसले असेन. पण त्या दिवसांत मी हसताना एक कान दाराकडं ठेवून हसत असे.

१९४८चा पावसाळा होता. सोलापूरच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, लग्न होऊन धाराशिवला आले. धाराशिव आपलं बोलण्यातलं. कचेरीवरच्या पाटीवर उस्मानाबाद. एकदा मुलींना इंग्रजी स्पेलिंगचा घोळ समजावताना मी बोलून गेले, "आपल्या गावासारखं आहे बघा, लिहायचं एक आणि म्हणायचं एक." चन्नम्मा हसली. रुकय्यानं नुसती मान खाली घातली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण रुकय्या पोलिसांच्या अमीनसाहेबांची मुलगी.

हे, म्हणजे बाळाचे वडील, शाळेत मास्तर होते, घरची बोली कानडी. चैत्रात एक दिवस पहाटे उठून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीपलीकडं गेले. बार्शीच्या बाजूला कॅम्प होते, संस्थानाविरुद्ध लढायला इकडून निघालेली माणसं तिथं जमत होती. मी गल्लीत सांगितलं, सोलापूरला चुलत सासऱ्यांना बरं नाही, तिकडं गेलेत. चार महिने चुलत सासऱ्यांना मी आजारी ठेवलं होतं. विचारणारे विचारायचे, "अजून उतार न्हाय?" मी म्हणायची, "न्हाय ना." आणि आता कुठला आजार मागच्या खेपेला सांगितला होता, ते आठवत बसायची.

हे गेल्यावर पंधरा दिवसांनी अमीनसाहेबांचा निरोप आला. मुलगी मॅट्रिकला बसणार आहे, तिचा इंग्रजी उच्चार सुधारा. नाही कसं म्हणणार? माणिकप्पा कापडवाल्यांची चन्नम्मा आधीपासून येतच होती, त्यात ही आली. ती शिकायला येते की माझ्या घरावर नजर ठेवायला, हे मला कळत नव्हतं. तिच्या देखत मी बाळाला 'अप्पा कुठं?' असा प्रश्न कधी विचारला नाही. बाळ मात्र ऐकलेलं सगळं बोलायचं. मूल बोलायला लागलं की आयांना आनंद होतो. मला धडकी भरायची.

मुलींना मी उच्चार-लिपी शिकवत होते. कॉलेजात आमच्या प्रोफेसरांनी शिकवलेली, हेही तिथंच शिकले, माझ्या एक वर्ष पुढं. प्रत्येक आवाजाला एक खूण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुकी अक्षरं फार, लिहायची आणि म्हणायची नाहीत. शब्दाच्या शेवटचा 'र' तर इंग्रज गिळूनच टाकतात. 'देअर' नाही, 'देअ'. उच्चार-लिपीत तो 'र' मुळात लिहीतच नाहीत.

"म्हंजे या लिपीत मुकं कुणीच न्हाय?" रुकय्यानं विचारलं होतं.

"कुणीच न्हाय. जे कागदावर, तेच तोंडात. 'र' लिहिलेला दिसला तर म्हणायचाच."

"मंग या लिपीत खोटं बोलता येत न्हाय, बाई."

हे वाक्य ती सहज म्हणाली की मला उद्देशून, याचा मी आठवडाभर विचार केला. शिकवलेलं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लिहिलेला 'र' तिनं तीन महिन्यांत एकदाही सोडला नाही.

शुक्रवारी बांगडीवाली सिद्धम्मा आली. ती बार्शीकडच्या बाजारातून माल आणायची. बाईमाणूस म्हणून नाक्यावर तिची टोपली कुणी फार उपसायचं नाही. तिनं माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, दोन जास्तीच्या कागदात गुंडाळून दिल्या आणि म्हणाली, "कागुद टाकू नगा, पोरींला लिहायला हुईल." माझ्याकडं न बघता उठून गेली.

कागदावर पेन्सिलीनं उच्चार-लिपीत वीस शब्द होते. यांचं अक्षर. वरवर बघितलं तर पोरींसाठी उतरवलेली शब्दांची यादी. सोळा शब्द इंग्रजी होते. मधूनमधून विखुरलेले चार मराठी.

सोमवारी. तेर. पूल. बाळ.

तेर स्टेशनाजवळ नदीवर रेल्वेचा पूल आहे. त्या पावसाळ्यात गाड्या येईनाशा झाल्या होत्या, पुलाकडं कुणी फिरकत नव्हतं. रूळ धरून पश्चिमेला चालत राहिलं की हद्द. सोमवारी बाळाला घेऊन पुलापाशी ये, एवढाच अर्थ. वेळ नव्हती, सही नव्हती.

चूल पेटलेली होती. कागद त्याच क्षणी आत घालायला हवा होता. शिकलेली बाई मी, मला कळत नव्हतं असं नाही. पण चार महिन्यांत पहिल्यांदा यांचं अक्षर दिसलं होतं. मी तो कागद शिकवण्याच्या वहीत इतर याद्यांमध्ये सरकवला. म्हटलं, पाचशे शब्दांत चार शब्द कोण शोधतंय.

शनिवारी शिकवणी चालू असताना ते आले.

पुढं अमीनसाहेब. उंच, वाळके, डोळ्यांखाली काळं. त्यांच्या मागून खाकी सदऱ्यातला एक जाडजूड माणूस, रझाकारांचा गावातला पुढारी. अमीनसाहेब सरकारी अंमलदार, तरी आत पाऊल आधी खाकीवाल्यानं टाकलं. त्यावरूनच कळलं, हुकूम कुणाचा चालतोय.

"मास्तर किधर है?" त्यानं विचारलं.

"सोलापूरला. चुलते आजारी आहेत."

"चार महिने? मरते भी नै, जीते भी नै?"

त्यानं पेटी उघडली, धान्याच्या डब्यात हात घातला, देव्हाऱ्यातला लिंगाचा करंडा उचलून खाली ठेवला. मग त्याची नजर मुलींच्या पुढ्यातल्या वहीवर पडली. त्यानं ती उघडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ये क्या है? उर्दू नै, अंग्रेज़ी नै, मोडी नै. अमीन साब, ये देखो. खुफिया लिखावट."

"इंग्रजी उच्चाराची लिपी आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "कॉलेजात शिकवतात."

तो पानं उलटत गेला आणि सुटा कागद खाली पडला. त्यानं उचलला. वहीतल्या माझ्या अक्षराशी धरून बघितला.

"ये हात अलग है."

"जुना आहे. कॉलेजातला." बांगड्या वाजू नयेत म्हणून मी दोन्ही मनगटं गुडघ्यांत दाबून धरली होती. "मी वाचून दाखवते."

"तुम नक्को." तो हसला. "तुम तो जो दिल में आया वो पढ़ोगे. अमीन साब, तुम्हारी बच्ची सीखती ना यहाँ? वो पढ़े. एकेक लफ़्ज़, और माने भी बोले."

अमीनसाहेबांनी मुलीकडं बघितलं. काय होतं त्या बघण्यात, मला अजून सांगता येत नाही. म्हणाले, "पढ़ो."

मी डोळ्यांपुढं सगळं बघितलं. ती 'सोमवारी' म्हणेल, नियमाप्रमाणं, जसं लिहिलंय तसं. मग 'तेर' म्हणेल. मग पुलाखाली यांची वाट बघत माणसं बसतील आणि हे रूळ धरून चालत येतील. मीच शिकवलं होतं तिला. लिहिलेलं सोडायचं नाही.

रुकय्यानं कागद हातात घेतला.

"शिप. जहाज़," ती म्हणाली. "शीप. भेड़."

मेंढीला खाकीवाला हसला. ती खाली सरकत गेली. चौथ्या शब्दावर थांबली. चन्नम्मा तिच्या शेजारीच बसली होती, तिची नजर कागदावर गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे तिनं वाचलं. तिनं वाचलं तर हिनंही वाचलं असणार.

"सम वरी," रुकय्या म्हणाली.

"माने?"

"थोड़ी फ़िकर."

"दो लफ़्ज़ है तो मिलाके काइकू लिखे?"

"अंग्रेज़ां मिलाकेच बोलते."

खरं होतं ते, मीच शिकवलेलं. पण तिथं 'ओ' आणि 'आ' लिहिलेले होते आणि तिनं दोन्ही 'अ' म्हटले होते. कदाचित घाईत चुकली असेल. कदाचित इंग्रजीच वाचायचंय असं डोक्यात धरून बसली असेल. मला धड आनंदही होईना. पुढचे तीन शब्द शिल्लक होते.

आणखी काही इंग्रजी शब्द गेले. मग 'तेर'ची ओळ आली.

"देअ," ती म्हणाली. "वहाँ."

मी बसल्या जागेवरून बघत होते. शेवटी 'र' होता, ठळक. यांच्या 'र'चा पाय लांब असतो, तीन हातांवरूनही ओळखू येतो. आणि रुकय्यानं तो गिळला होता. मुका नसलेला 'र' तिनं मुका केला होता.

तेव्हा मला कळलं की तिला कळलंय. कुणाला वाटेल, इथं माझा जीव भांड्यात पडला असेल. छे. आतापर्यंत यांचा जीव माझ्या एकटीच्या हातात होता. आता तो अमीनाच्या मुलीच्या जिभेवर होता.

पुढं पुन्हा दोन इंग्रजी शब्द. मग तिनं कागद तोंडाजवळ घेतला, नीट दिसत नसल्यासारखा.

"पूल."

कागद थरथरला. तिनं हवा सोडली होती, दिवा विझवतात तशी. आपला 'पूल' म्हणताना कागद हलत नाही.

आणि बाळ ओरडलं, "पूल! आई, झुकझुकचा पूल!"

मागच्या वर्षी तेरला जाताना त्या पुलावर गाडी थांबली होती. तेव्हापासून तिला तो शब्द पाठ. मी तिला ओढून पदराखाली घेतलं. ती पदरातूनच म्हणाली, "मोठ्ठा पूल."

खाकीवाला वळला. "बच्ची तो बोल री, पुल. ये तो अपना पुल हुआ ना?"

"नै चाचा," रुकय्या वैतागल्यासारखी म्हणाली. "पुल नै. पुल का उ छोटा. ये लंबा है. पू...ल. हौज़." मग बाळाकडं वळून तिनं डोळे वटारले. "तू लई शहाणी. तुला मॅट्रिकला बसवू का माझ्या जागी?"

अमीनसाहेबांच्या ओठांची एक कड हलली. बाळ पदरात हसलं. मी बोट तिच्या ओठांवर ठेवलं, तिला खेळ वाटला, तिनं ते चावलं. मी चावू दिलं.

शेवटचा शब्द यादीच्या अगदी तळाशी होता. खाकीवाल्यानंच त्यावर बोट ठेवलं.

"ये लाम कू दुम काइकू है? ऊपर के लाम कू तो नै."

'ळ'ची खूण. 'ल'ला खाली शेपूट. इंग्रजीत 'ळ' नाही. रुकय्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच. तिला याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

"इंग्रजीत दोन 'ल' असतात," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, त्यामुळं आवाज बरा निघाला. "शब्दाच्या सुरवातीला हलका, शेवटी जड. 'लीप' म्हणा. आता 'बॉल' म्हणा. जीभ मागून जड होते."

"लीप," अमीनसाहेब हळूच म्हणाले. "बॉल." थोडं थांबून म्हणाले, "हौ. फ़रक है."

"बॉल. गेंद," रुकय्यानं वाचून टाकलं. तिथं 'आ' होता. तिनं 'ऑ' म्हटला.

खाकीवाला उठला, माझ्यापाशी आला. पदर बाजूला करून त्यानं बाळाचा गाल धरला. "क्या नाम इसका?"

बाळ स्वतःच म्हणालं, "बाळ."

"बाल?"

"बाळ," तिनं सुधारलं. आम्ही मुलींना सुधारतो तसं.

"बाल," तो पुन्हा म्हणाला आणि गाल सोडून दिला. जीभ वळत नव्हती त्याची. कागदावरचा शब्द आणि मांडीवरचं मूल एकच आहे, हे त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही.

"काग़ज़ मैं लेके जातूं," तो म्हणाला. "कल हैदराबाद से एक साहब आ रे, विलायत में पढ़े. वो देखेंगे."

झालं. विलायतेत शिकलेला माणूस 'र' गिळणार नव्हता. त्याच्या तोंडून 'तेर' निघणार होतं, आणि ते ऐकणाऱ्याला तेर कुठं आहे ते ठाऊक असणार होतं.

"ठैरो चाचा," रुकय्या म्हणाली. "दुरुस्ती नै हुई."

"क्या?"

"बाईंचा नियम हाय. वाचून झालं की चुका दुरुस्त करायच्या, मंगच कागद सोडायचा. न्हायतर मारतात." मग माझ्याकडं बघून, "करू ना, बाई?"

मी जन्मात कुणाला मारलं नव्हतं. "कर," मी म्हणाले.

तिनं बोट जिभेला लावलं. यांच्या लांब पायाच्या 'र'वर घासलं. पेन्सिलीचा 'र' राखाडी डाग होऊन गेला, त्यावर तिनं 'अ' काढला. 'त'चा 'द' केला. 'सोमवारी' मधून तोडून दोन केले, 'ओ' आणि 'आ' दोन्हींचे 'अ' केले. 'बाळ'मधल्या 'आ'ला 'ऑ'ची गोलाई दिली आणि 'ळ'ची शेपूट खोडून मधून एक लहर ओढली, वहीत जड 'ल'ला मी ओढते तशी. 'पूल'ला हात लावायची गरज नव्हती. सगळं तिनं पाठ म्हणत केलं, हळूहळू, आळशी विद्यार्थिनी करते तसं. अमीनसाहेब तिच्या बोटांकडं बघत होते. एकदाही डोळे हलले नाहीत त्यांचे. किती समजलं त्यांना, देव जाणे.

खाकीवाल्यानं कागद घडी करून खिशात घातला.

"चलो," अमीनसाहेब म्हणाले. मुलीला आणि त्यालाही.

उंबऱ्यापाशी रुकय्या थांबली. चपला शोधायचं निमित्त करून वाकली.

"बाई, सोमवारी स्कूल न्हाय ना?"

'स्कूल.' पुढं 'इ' नव्हता. तीन महिने मी ज्याच्यासाठी डोकं फोडलं तो शब्द तिनं स्वच्छ म्हटला आणि माझ्याकडं बघत राहिली.

'आहे की' म्हणणं सोपं होतं. सोमवारी या, नेहमीसारख्या. तिचे वडील चार पावलांवर उभे होते. 'न्हाय' म्हटलं की सगळं कबूल केल्यासारखं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "मंग चन्नम्माला पेन कोण शिकवणार?" असं म्हणून ती बापाच्या मागून गेली. वळून बघितलं नाही.

रविवार कसा गेला ते मी सांगू शकत नाही. विलायतवाला साहेब आला, त्याची मोटार आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली, परत गेली. कुणी आलं नाही. कुणी आलं नाही याचा अर्थ कागद निर्दोष निघाला, की आता पुलापाशी माणसं बसवलीत म्हणून मला मोकळं सोडलंय? मी दोन्ही अर्थ दिवसभर उलटसुलट करून बघितले. बाळाला एकच गोष्ट शिकवत राहिले, बोट ओठावर ठेवलं की गप्प.

सोमवारी पहाटे चन्नम्माच्या सांगण्यावरून माणिकप्पांनी गाडी जोडली. तेरला गोरोबाकाकांच्या पाया पडायला बाळाला नेते, असं गल्लीत सांगितलं. चन्नम्मा गाडीशी येऊन उभी राहिली. तिनं बाळाच्या हातात कागदाची एक पट्टी दिली, ओठांपुढं धरायची. नाक्यावर शिपायानं गाडीत डोकावून बघितलं. बाळानं पट्टी तोंडापुढं धरली आणि म्हणालं, "पेन." शिपाई हसला.

माणिकप्पांनी आम्हाला तेरच्या अलीकडं, रुळांपाशी उतरवलं. "म्या देवळापाशी दिस मावळंपतूर थांबतो," ते म्हणाले. "न्हाय आलात तर समजतो, गेलात."

पुलाच्या दगडी खांबाआड मी दुपारपासून बसले. नदीला गढूळ पाणी होतं. बाळ भाकरी खाऊन झोपलं. वर रुळांच्या खडीवर काहीही वाजलं की मी तिच्या तोंडाजवळ हात नेई. एकदा शेळ्या गेल्या. एकदा कुणी तरी खोकत गेलं आणि बराच वेळ थांबून राहिलं, मग परत गेलं. रुकय्यानं घरी काही सांगितलं असेल का? सांगायचं नसलं तरी पोरगी आहे, बापानं दटावून विचारलं तर? मी तिला ओळखत होते ती तिच्या 'र'वरून आणि 'इ'वरून. माणूस म्हणून काय ओळखत होते?

चारच्या सुमाराला खडी पुन्हा वाजली. पावलं एकाचीच होती की मागं आणखी कुणी पाय जपून टाकत होतं, समजेना. पावलं पुलाच्या टोकाशी आली, उताराला लागली. सूर्य पुढं होता, माझ्या बाजूला फक्त सावली आली. डोक्याला टोपी होती की फेटा, कळेना. सदऱ्याचा रंग दिसेना.

बाळ जागं झालं होतं. मी बोट ओठावर ठेवलं. ती गप्प राहिली, शहाण्यासारखी, डोळे मोठे करून.

सावली थांबली. कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, "बाळ?"

कुजबुजीत आवाज ओळखू येत नाही. कुणाचाही असतो. आणि एकदाच ऐकलं तर कान हवं तेच ऐकतो, मुलींना मी नेहमी सांगते, दोनदा ऐका. मी हलले नाही. खांबाचा दगड पाठीत रुतत होता. परत म्हण, मी मनात म्हणत होते. परत म्हण. नीट म्हण.

"बाळ..."

जीभ टाळूला मागं वळली होती आणि सुटताना जड आपटली होती. घरी कानडी बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा, भरलेला 'ळ'.

मी ओठांवरचं बोट काढलं, तेवढ्यात बाळानंच उत्तर दिलं.